पिशवीतले बी आणि कणगीतले बी

मृग निघाला की आपल्या बीड जिल्ह्यात बाजरीच्या पेरणीची घाई सुरू होते. कोणी तालुक्याच्या दुकानातून बियाण्याची पिशवी आणतो. कोणी घरच्या कणगीतले, मडक्यातले बी काढून, पाखडून तिफणीला लावतो. पिशवीवर ‘संकरित’ असा शब्द छापलेला असतो. बोलताना आपण त्याला ‘हायब्रीड’ म्हणतो.

दरसाल आम्हाला कोणी ना कोणी विचारतोच. “गुरुजी, मागच्या साली हायब्रीड पेरलं. कणसं चांगली वीतभर आली, मुठीत मावत नव्हती. त्यातलीच टपोरी कणसं निवडून बी ठेवलं तर काय बिघडलं? दरसाल दुकानदाराचं घर कशाला भरायचं?”

प्रश्न रास्त आहे. आपले वाडवडील असेच बी राखीत आले. मग आताच काय झाले? उत्तर दोन ओळींत सांगता येते. संकरित पिकाचे बी दुसऱ्या वर्षी पेरू नये. सुधारित वाणाचे बी राखून पेरले तर चालते. पण नुसते ‘करू नका’ म्हटले तर शहाणा माणूस ऐकत नाही, आणि ऐकूही नये. म्हणून त्यामागचे कारण सांगतो.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने असेच संकरित बाजरीचे बी राखले होते. निवड चोख केली होती. दाणाही टपोरा होता. दुसऱ्या साली पेरले, उगवलेही छान. पण दोन महिन्यांनी रान पाहिले तर एक ताट डोक्याच्या वर आणि शेजारचे कमरेएवढे. एक कणीस दाणे भरून पिवळे झालेले, तर दुसरे अजून फुलोऱ्यात. आधी पिकलेली कणसे पाखरांनी खाल्ली. कापणी दोनदा करावी लागली. धान्य आले, पण आदल्या वर्षीपेक्षा बरेच कमी. जमीन तीच, खत तेच, पाऊसही बरा होता. बी मात्र बदलले होते, आणि ते डोळ्यांना दिसले नाही.

हे कसे झाले ते समजायला आधी बाजरीचे कणीस नीट पाहू या.

कणीस पोग्यातून बाहेर पडले की त्यावर आधी पांढरे, बारीक तंतू दिसतात. ही फुलाची मादीची बाजू. या तंतूंवर पराग पडला की दाणा धरतो. त्याच कणसावर परागाच्या पिशव्या मात्र दोनतीन दिवसांनी लोंबू लागतात. ही नराची बाजू. म्हणजे कणसाची मादी तयार असते तेव्हा त्याचा स्वतःचा नर तयार नसतो. मग वाऱ्यावर दुसऱ्या ताटाचा पराग येतो आणि दाणा धरतो. म्हणून बाजरीच्या बहुतेक दाण्यांची आई एक ताट आणि बाप दुसरेच ताट. एका देवकात सोयरीक करायची नाही असा आपल्याकडे रिवाज आहे ना? बाजरीने तो स्वतःच पाळला आहे असे म्हणा.

आता शास्त्रज्ञ काय करतात? कणीस बाहेर पडले की त्यावर कागदी पिशवी चढवतात. वाऱ्याचा पराग आत येत नाही. मग त्या कणसाला स्वतःच्याच परागावर दाणे धरावे लागतात. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. असे सहासात पिढ्या केले की त्या ओळीची सगळी ताटे एकसारखी होतात. पण ती खुरटतात. उंची कमी, कणीस बारीक, दाणा थोडा. पाहणाऱ्याला वाटेल, हा काय उद्योग, चांगल्या पिकाची नासाडी केली!

खरी गंमत पुढे आहे. अशी एक खुरटी ओळ घ्यायची. तिच्या नात्यातली नसलेली दुसरी खुरटी ओळ घ्यायची. दोघींचा संकर करायचा. त्या संकराचे बी पेरले की ताटे आईहून जोरदार, बापाहून जोरदार येतात. कणीस मोठे, फुटवे जास्त, सरमाडही जास्त. या जोमाला पुस्तकात ‘संकर-ओज’ म्हणतात. अमेरिकेत शल नावाच्या शास्त्रज्ञाने १९०८ साली मक्यावर हे दाखवून दिले. पण जनावरांत ही गोष्ट लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. गाढव आणि घोडी यांचे खेचर ओझ्याला किती काटक असते, ते डोंगरातल्या लोकांना शिकवावे लागत नाही.

हा जोम येतो कुठून? आपण बैलजोडीचा दाखला घेऊ.

प्रत्येक दाण्यात त्या पिकाचे गुण जोडीजोडीने असतात. जोडीतला एक आईकडून येतो, एक बापाकडून. उंचीची जोडी, कणसाच्या लांबीची जोडी, रोगाशी झुंजण्याची जोडी, अशा हजारो जोड्या. जोडीतला एक बैल चांगला आणि एक लंगडा असला तरी चांगला बैल गाडी ओढून नेतो. दोन्ही लंगडे असले की गाडी अडली. पिशवी चढवून वाढवलेल्या ओळीत पुष्कळ जोड्या दोन लंगड्या बैलांच्या होऊन बसतात, म्हणून ती खुरटते. पण आईच्या ओळीत ज्या जोड्या लंगड्या, त्या बापाच्या ओळीत बहुधा धडधाकट असतात, आणि बापाच्या लंगड्या त्या आईच्या धडधाकट. दोघांचा संकर झाला की जवळजवळ प्रत्येक जोडीत निदान एक तरी चांगला बैल येतो. सगळ्या गाड्या चालू लागतात. पहिल्या वर्षीचे पीक म्हणून डोलते.

दुसऱ्या वर्षी काय होते? त्या शेतातली सगळी ताटे एकाच आईबापाची लेकरे, म्हणजे सख्खी भावंडे. त्यांचा पराग एकमेकांवर पडतो. सगळ्या जोड्या सोडल्या जातात आणि चिठ्ठ्या टाकून नव्याने जुंपल्या जातात. जिथे एक चांगला आणि एक लंगडा होता, तिथे आता चार जोड्यांपैकी एका जोडीत दोन्ही चांगले येतात, दोन जोड्या पहिल्यासारख्या मिसळ राहतात, आणि एका जोडीत दोन्ही लंगडे येतात. संकरामुळे जो जादा जोम मिळाला होता त्यातला साधारण निम्मा इथेच जातो. शिवाय कोणत्या ताटाच्या वाट्याला काय येईल याचा नेम नाही. म्हणून एक ताट उंच, एक बुटके. टपोरे कणीस निवडून उपयोग नाही. टपोऱ्या कणसातल्या दाण्यांतही चिठ्ठ्या तशाच पडलेल्या असतात.

कणगीतले बी फसवते ते असे. दाणा दिसायला तोच असतो, आतली जुंपणी बदललेली असते.

आता कोणी म्हणेल, मग हा संकर आम्हीच आमच्या शेतात का करू नये? करता येईल, पण तो सोपा नाही. बाजरीचे एकेक फूल मोहरीच्या दाण्याएवढे. एका कणसात अशी हजारो फुले. आई ठरवलेल्या ताटावर तिचा स्वतःचा पराग पडू नये म्हणून प्रत्येक फुलाचा नर चिमट्याने काढायचा म्हटले तर जन्म पुरणार नाही. यावर तोड निघाली ती अशी, की जिचा पराग मुळातच पोकळ असतो अशी बाजरी सापडली. तिला नर-वंध्य ओळ म्हणतात. ती आई होऊ शकते, बाप होऊ शकत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी बर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने अशी ओळ तयार केली. तिचे नाव ‘टिफ्ट २३ ए’. तिचे बी भारतात आले. पंजाबात लुधियानाला डॉ. अठवाल यांनी तिच्यापासून ‘एच. बी. १’ हा संकरित वाण काढला. साल १९६५. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ साली, ज्वारीचा पहिला संकरित वाण ‘सी. एस. एच. १’ आपल्या देशात बाहेर पडला होता.

बीजोत्पादनाचे शेत कधी पाहिले आहे का? आईच्या चार ओळी, मग बापाच्या दोन ओळी, मग पुन्हा आईच्या चार, असे ते पेरलेले असते. बापाचा पराग वाऱ्याने आईवर पडतो. आईच्या ओळींवर धरलेले दाणे तेवढे संकरित बी. बापाच्या ओळी वेगळ्या कापतात, त्यांचे बी पिशवीत जात नाही. भोवती निदान २०० मीटरपर्यंत दुसरी बाजरी चालत नाही, नाही तर परका पराग येतो. हे काम आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात फार वाढले. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी काढली, आणि पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. महाराष्ट्र सरकारचे बियाणे महामंडळ, ज्याला आपण महाबीज म्हणतो, ते १९७६ साली अकोल्यात निघाले.

कापसाचे मात्र उलटे आहे. कापसाचे फूल मोठे. त्याचा नर संध्याकाळी नखाने खरडून काढता येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावता येतो. एका बोंडातून वीसपंचवीस सरक्या मिळतात, म्हणून मेहनत परवडते. सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली ‘एच-४’ हा संकरित कापूस असाच काढला. साऱ्या जगात शेतकऱ्याच्या शेतात पोचलेला तो पहिला संकरित कापूस. पुढे आपल्या मराठवाड्यातल्या नांदेडच्या केंद्राने ‘एन. एच. एच. ४४’ काढला. जुन्या शेतकऱ्यांना तो ‘नांदेड ४४’ म्हणून आठवत असेल. कोरडवाहूत तो चांगला टिकला. हे नर खरडण्याचे आणि पराग लावण्याचे किचकट काम बहुतेक बायकांच्या हातांनी होते, हे सांगायला हवे. पिशवीवर त्यांचे नाव कधी छापत नाहीत.

आता जी हकीकत सांगणार आहोत ती दुकानदार सांगत नाही.

‘एच. बी. १’ने जुन्या वाणांच्या जवळजवळ दुप्पट उतारा दिला. मग एच. बी. २, ३, ४ असे वाण निघाले. लोकांनी ते भराभर उचलले. १९६५-६६ साली साऱ्या देशात बाजरी ४० लाख टनांच्या आत पिकली होती. १९७०-७१ साली ती ८० लाख टनांवर गेली. सगळीकडे आनंदीआनंद झाला. पण पुढच्याच वर्षी ती ५३ लाख टनांवर घसरली. पाऊस कमी होता हे खरे. पण त्याबरोबर ‘गोसावी’ पडला होता.

गोसावी रोग तुम्ही पाहिला असेल. कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके येतात. गोसाव्याच्या जटा असाव्यात तसे ते कणीस दिसते, म्हणून हे नाव. हा रोग जुनाच. पूर्वीच्या मिसळ बाजरीत दहा ताटे गोसावी झाली तरी बाकीची धरत. कारण शेतातले प्रत्येक ताट वेगळ्या आईचे. आता काय झाले होते? वाणांची नावे चार, बाप वेगळे, पण आई सगळ्यांची एकच, ती टिफ्ट २३ ए. तिला या रोगाशी झुंजता येत नव्हते. पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत शेतोशेती तिचीच लेकरे. रोगाला एका घराचे कुलूप उघडता आले, आणि साऱ्या गावाला तेच कुलूप लावलेले निघाले.

मग आई बदलली. दिल्लीत तयार झालेल्या ‘५१४१ ए’ या ओळीपासून बी. जे. १०४, बी. के. ५६० असे वाण निघाले. ते काही वर्षे छान चालले. पुन्हा सगळ्यांनी तेच पेरले, आणि १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनाही गोसाव्याने गाठले. तेव्हा कुठे शहाणपण आले. आता आया पुष्कळ आहेत. हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ साली निघालेल्या इक्रिसॅट या संस्थेने आणि आपल्या विद्यापीठांनी निरनिराळ्या ओळी तयार केल्या. बाजारात आज वाण पुष्कळ दिसतात, त्याबद्दल ‘कोणता घ्यावा कळत नाही’ अशी कुरकूर असते. आमचे म्हणणे असे, की एवढे वाण आहेत हेच बरे आहे. ज्याला दोनतीन एकर बाजरी करायची त्याने सगळ्या रानात एकच वाण न पेरता दोन वेगळे पेरावेत.

संकरित बियाण्याने धान्य वाढले, यात शंका नाही. पण बियाण्याची किल्ली आपल्या कणगीतून निघून दुसऱ्याच्या हाती गेली, हेही तितकेच खरे. दरसाल पैसे लागतात, आणि ऐन पेरणीला पिशवी मिळाली नाही तर हात बांधले जातात. ज्याला हे नको असेल त्याला दुसरी वाट आहे का? आहे. ती सुधारित वाणाची.

सुधारित वाण म्हणजे दोन ओळींचा संकर नव्हे. चांगल्या गुणांची पुष्कळ ताटे निवडून, त्यांना आपसात मिसळू देऊन तो स्थिर केलेला असतो. उतारा संकरितापेक्षा काहीसा कमी, पण बी पुढल्या वर्षी बिघडत नाही. बाजरीत ‘आय. सी. टी. पी. ८२०३’ हा असा वाण आहे. त्याचे मूळ आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या शेतकऱ्यांच्या बाजरीत आहे. पाटणचेरूला त्यातून निवड झाली आणि १९८८ साली तो बाहेर पडला. महाराष्ट्राला तो फार मानवला. त्यातूनच पुढे लोहाचे प्रमाण जास्त असलेला ‘धनशक्ती’ हा वाण निघाला. अंगात रक्त कमी असलेल्या आयाबायांनी आणि वाढत्या पोरांनी त्याची भाकरी जरूर खावी. मराठवाडा कृषी विद्यापीठाने काढलेला ‘ए. एच. बी. १२०० एफ. ई.’ या वाणातही लोह जास्त आहे. पण तो संकरित आहे, त्याचे बी राखायचे नाही. हा फरक ध्यानात ठेवा.

गंगथडीच्या, गेवराई-माजलगावकडच्या भारी रानात संकरित वाण पैसे फेडतो. आष्टी-पाटोद्याच्या बालाघाटाच्या डोंगरी, मुरमाड रानात, जिथे पावसाचा भरवसा नाही, तिथे सुधारित वाणाचे घरचे बी ठेवणाऱ्याला आम्ही वेडा म्हणणार नाही.

मात्र बी राखायची रीत आहे. बांधाकडची कणसे घेऊ नका, शेजाऱ्याच्या हायब्रीडचा पराग तिथे आलेला असतो. रानाच्या मधली घ्या. दहा मोठी कणसे निवडून थांबू नका. निदान शेदोनशे निरोगी ताटांचे एकेक कणीस घ्या. थोड्याच ताटांचे बी घेतले तर पुढे त्यांच्याच लेकरांची आपसात सोयरीक होते आणि पीक खुरटत जाते. पेरण्याआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी टाका. अरगट रोगाच्या गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून जाळा. खाली बसलेले बी साध्या पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवा. तीन वर्षांनी नवे बी आणा.

रब्बी ज्वारीचे काय, असे कोणी विचारील. आपली मालदांडी संकरित नाही. सोलापूरकडे मोहोळच्या केंद्रात १९३० ते १९४० च्या दरम्यान निवडून काढलेला तो सरळ वाण आहे. ज्वारीचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर धरते, म्हणून घरचे बी पुष्कळ वर्षे टिकते. खरीप ज्वारीत हायब्रीड आले, उतारा वाढला, पण काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडतो आणि भाकरीची चव जाते. तेव्हापासून लोकांनी ‘हायब्रीड’ हा शब्दच बेचव गोष्टीला लावला. हल्लीच्या पोरांनासुद्धा म्हातारी माणसे ‘हायब्रीड’ म्हणतात! बिचाऱ्या संकराचा यात दोष नाही. दाणा काळा पडतो तो बुरशीने.

कापसाच्या बाबतीत एक घोटाळा फार होतो. बीटी म्हणजेच हायब्रीड, असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारा एक गुण बाहेरून सरकीत घातला, तो. हायब्रीड म्हणजे दोन आईबापांचा संकर. आपल्याकडे २००२ सालापासून बीटी कापूस आला तो बहुतेक संकरित वाणांतून आला, म्हणून दोन्ही नावे एकत्र झाली. त्या सरकीचे बी राखले तर जोम घटतो, आणि काही झाडांत बीटीचा गुणही उरत नाही.

आता शेवटची गोष्ट, ही वाचता येणाऱ्याच्या उपयोगाची. पिशवीवरची चिठ्ठी दुकानातच वाचा. ‘संकरित’ लिहिले आहे की ‘सुधारित’, ते आधी पाहा. चिठ्ठी निळी असेल तर ते प्रमाणित बियाणे, म्हणजे सरकारी यंत्रणेने शेत आणि बी दोन्ही तपासलेले. चिठ्ठी हिरवी असेल तर बियाण्याची हमी विकणाऱ्या कंपनीने स्वतः दिलेली असते. मग वाणाचे नाव, लॉट नंबर, उगवण किती टक्के आणि कोणत्या तारखेपर्यंत पेरायचे, हे वाचा. बाजरीची उगवण निदान ७५ टक्के हवी. मुदत संपलेली पिशवी स्वस्तात दिली तरी घेऊ नका. पावती मागा, आणि तिच्यावर वाणाचे नाव व लॉट नंबर लिहून घ्या. पिशवीतल्या बियाला औषध लावलेले असते. उरलेले बी दळू नका, कोंबड्यांना टाकू नका.

पेरणीआधी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चारपाच दिवसांनी उघडा आणि मोड आलेले मोजा. पंचाहत्तरपेक्षा कमी भरले तर पिशवी आणि पावती घेऊन दुकान गाठा. तिथे दाद लागली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. बी उगवले तरी रिकामी पिशवी, चिठ्ठी, पावती आणि मूठभर बी कापणी होईपर्यंत घरात जपून ठेवा. उद्या रानात उंच-बुटकी ताटे मिसळ निघाली, तर तुमच्या बाजूने बोलणारा पुरावा तेवढाच असतो.